व्याह्यांना उभं पत्र

मंगोलियन लिपी उभी लिहितात, ही गोष्ट आम्हाला सतरा दिवस उशिरा कळली. ते सतरा दिवस ती आमच्या बैठकीत आडवी होती.

त्यात माझा दोष नव्हता. म्हणजे होता, पण एकट्याचा नव्हता. आमचा नितेश उलानबातरला एका खाणीवर इंजिनिअर आहे आणि तिथल्याच ओयूना नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. तिचे वडील बातबायर हे निवृत्त शाळामास्तर, आणि तिकडच्या जुन्या लिपीत सुंदर अक्षर काढण्याबद्दल त्यांच्या भागात नावाजलेले. सोयरीक पक्की झाली म्हणून त्यांनी आपल्या हातानं लिहिलेला एक कागद आम्हाला पाठवला. चांगला चार फूट लांब, मागून रेशमी कापड, दोन्ही टोकांना लाकडी दांड्या. आता चार फुटांची लांब वस्तू मध्यमवर्गीय माणूस कुठे टांगतो? सोफ्याच्या वर, ट्यूबलाइटच्या खाली, आडवी.

शिवाय शेजारचे देवराव हजर होते. विजेच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या भिंतीतले खिळे हा त्यांचा अभ्यासाचा विषय आहे. त्यांनी कागद डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि म्हणाले, "पाहा गावंडे, ही वर रेघ, अन् हे खाली लोंबते अक्षरं. आपलीच लिपी आहे ही. तिकडच्या थंडीनं उलशी आखडली, एवढंच."

एका दांडीला दोरा होता. तो टांगण्यासाठी असेल हा विचार माझ्या मनात आला होता. पण देवरावांनी तो "गुंडाळी बांधायचा" म्हणून कापून टाकला. मग दोन खिळे मारले. सतरा दिवसांत आमच्या रुक्मिणी नगरातली निम्मी मंडळी येऊन पाहून गेली. एकीनं तर हळदीकुंकूही वाहिलं.

अठराव्या दिवशी व्याह्यांचा पहिला व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो: मी, माझी बायको सीमा आणि काहीही संबंध नसलेले देवराव. पडद्यावर बातबायर, त्यांच्या पत्नी, एक मावशी, ओयूना आणि दुभाषी म्हणून नितेश. नमस्कार झाले. आणि मग एकेकानं मान डाव्या खांद्यावर टाकली. आधी बातबायर, मग पत्नी, मग मावशी. मान तशीच ठेवून ते आमच्याशी बोलू लागले.

"रीत असन त्याइची," देवराव ओठ न हलवता म्हणाले आणि त्यांनीही मान टाकली. पाहुण्यांच्या रीतीला आम्ही तरी कमी का पडावं? मी टाकली. सीमाला मानेचा त्रास आहे, तरी तिनंही टाकली. पंचवीस मिनिटं दोन देशांच्या दोन कुटुंबांनी वाकड्या मानेनं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली.

कॉल संपल्यावर नितेशचा वेगळा फोन आला. "बाबा, ते आडवं कावून टांगलं? ते लोक वाचून राहिले होते!"

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत माझ्या अक्षराला मान होता. निरोप समारंभाची मानपत्रं, बढतीच्या यादीची स्वच्छ प्रत, साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पाकिटं, सगळी माझ्याच हातची. नागपूरहून आलेल्या एका उपसचिवांनी फाइल बंद करण्याआधी "हे कोणी लिहिलं?" असं विचारलं होतं. फाइल नामंजूर झाली तो भाग निराळा. अशा माणसानं दुसऱ्या अक्षरवाल्याचं अक्षर सतरा दिवस आडवं टांगावं! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे भाकरी गेली, भात गेला नाही.

अपमान एवढाच असता तर मी गिळला असता. पण मामला पुढचा होता. लग्न डिसेंबरात अमरावतीला करायचं ठरलं होतं आणि बातबायर येणार नव्हते. ते आयुष्यात देशाबाहेर पडलेले नाहीत, परक्या गावात आपण कुणाशी काय बोलणार ही त्यांची भीती. "मी फोनवर पाहीन," असं त्यांनी सांगितलं होतं. ओयूना आम्हाला काही बोलली नाही. पण सीमाशी ती रोज बोलते, नितेशनं शिकवलेलं "आई, काय करून राहिली?" एवढ्या भांडवलावर अर्धा अर्धा तास, आणि सीमा म्हणाली, "पोरगी हसते, पण डोळे पुसते."

तेव्हा मी जाहीर केलं. व्याह्यांना मी त्यांच्याच लिपीत, माझ्याच हातानं आमंत्रण लिहीन. मग कसे येत नाहीत पाहतो.

"मराठीत लिहा अन् नितेशले वाचून दाखवू द्या," सीमा म्हणाली.

बायकोला काही गोष्टींतलं तत्त्व कळत नाही. मी नितेशला सहज विचारल्यासारखं करून तीन शब्द काढून घेतले. व्याही, इथे, ये. आदरार्थी रूप लांबलचक होतं, ते मी सोडलं. वऱ्हाडातला माणूस जिव्हाळ्यानं बोलावतो तेव्हा तो आदरार्थी बोलत नाही. शब्दांची जुनी स्पेलिंगं इंटरनेटवरच्या शब्दकोशात शोधली, कारण तिकडे बोलतात एक आणि जुन्या लिपीत लिहितात दुसरं. नितेशला ती लिपी येत नाही. ओयूनाला वाचता येते, पण अडखळत. आणि मला तर हे सगळं तिकडच्यांपासून गुपचूप करायचं होतं. त्यामुळे तपासणारा कुणी उरला नाही. हे त्या वेळी मला सोयीचं वाटलं.

शिकायला लागलो. यूट्यूबवर एक बाई शिकवत होत्या. भाषा कळत नव्हती, पण खाली इंग्रजी ओळ येई. या लिपीत अक्षराला पाठीचा कणा असतो. कण्याला डावीकडे दात असतात. मग पोट असतं, आणि शब्दाच्या शेवटी शेपूट. एक दात जास्त झाला की शब्द बदलतो. कणा पोक काढून उभा राहिला तर लिहिणाऱ्याचं मन थाऱ्यावर नाही असं समजतात. पहिल्या दिवशी मी चाळीस कणे काढले. एकही सरळ नव्हता. हाताला चौतीस वर्षांची सवय, ब्रश कागदाला टेकला की तो उजवीकडे शिरोरेषा ओढायला धावायचा. संध्याकाळी सीमानं पाहिलं आणि विचारलं, "हे गांडुळं कायले काढून राहिले?"

ब्रशचीही अडचण होती. देवरावांच्या नातवंडांच्या रंगपेटीतला ब्रश दोन दिवसांत टकला झाला. देवराव म्हणाले, "भाऊ, थे लोक घोड्यावर जन्मते, घोड्यावर मरते. ब्रश घोड्याच्या केसाचाच लागन." आणि त्यांनी कठोरा रोडवरच्या एका घोडीवाल्याचा पत्ता दिला.

घोडीवाला भला माणूस. "शेपटीचे थोडे कापून घ्या सायेब, पण लवकर, वरात निघून राहिली," म्हणाला. मी कात्री घेऊन मंगल कार्यालयासमोर घोडीच्या मागे उभा राहिलो. सकाळचे अकरा वाजलेले, बँड जोरात, घोडीवर नवरदेव चढलेला. मी चांगला पुंजका निवडून कापला आणि रुमालात बांधत होतो, तेवढ्यात नवरदेवाच्या आत्यानं पाहिलं.

"अवो माय! नवरदेवाच्या घोडीचे केस कापले! करणी करून राहिला हा बुढा!"

बँड थांबला. आयुष्यात माझ्यासाठी बँड थांबण्याचा तो एकच प्रसंग. चाळीस वऱ्हाडी माझ्याभोवती जमले आणि रुमाल उघडायला लावला. मी शांतपणे सांगितलं की मंगोलिया देशात एक उभी लिपी आहे, तिला कणा असतो, दात असतात, पोट असतं आणि शेपूट असते. यानं परिस्थिती सुधारली नाही. शेवटी घोडीवाला मध्ये पडला. तरी आत्याबाईंनी ते केस माझ्याच हातानं घोडीच्या पायाशी ठेवायला लावले आणि माझ्यावरून लिंबू उतरून टाकलं. मी राजपत्रित अधिकारी नव्हतो हे मान्य, पण वरिष्ठ लिपिक होतो.

तिथून थेट इतवाऱ्यात उस्मानभाईंच्या दुकानात गेलो. उस्मानभाई पेंटर. आता सगळे बोर्ड मशीनवर छापतात, तरी उर्दू लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लोक अजून त्यांच्याकडून हातानं करून घेतात. माझी कहाणी त्यांनी पूर्ण ऐकली, एकदाही हसले नाहीत, आणि मागच्या डब्यातून एक रुंद ब्रश काढून दिला.

"घोडे के बाल कडक होते सायेब. ये लो, खारीचा है. पण पहिले बैठो. तुमी कलम कुस्तीवानी पकडून राहिले."

मग दीड महिना मी रोज दुपारी उस्मानभाईंकडे गेलो. त्यांना मंगोलियन येत नव्हती, मला उर्दू येत नव्हती. पण ब्रश कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, श्वास केव्हा सोडायचा, हे त्यांना माहीत होतं. दहा दिवस त्यांनी मला फक्त वरून खाली रेघ काढायला लावली. "मैं दाएं से लिखता, तुमी बाएं से, और ये लोक सीधे आसमान से," असं म्हणून ते खूश व्हायचे. मी चुकलो की बोलायचे नाहीत, फक्त चहा मागवायचे. पहिल्या आठवड्यात माझी ॲसिडिटी वाढली.

शब्दांवर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पहिला लफ्ज क्या है?"

"खुदा."

उस्मानभाईंचा ब्रश हवेतच थांबला. "मतलब?"

"व्याही. जुन्या मंगोलियनमध्ये व्याह्याला खुदा म्हणतात."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. त्यांच्या मुलीचं लग्न परतवाड्याला झालंय. "हमारे समधी को मालूम नै पडना चाहिए," शेवटी ते म्हणाले.

जुलैच्या शेवटी कागद तयार झाला. "खुदा एंदे इरे." व्याही, इथे ये. तीन शब्द, एकाखाली एक, शेपटीसकट. उस्मानभाईंनी त्याला मागून जाड कागद लावला, वर दांडी बसवली. चहा मागवला नाही.

खरी लढाई पुढे होती. वायुवेग कुरिअरच्या काउंटरवर प्राजक्ता नावाची मुलगी बसते. बोलायला गोड आणि नियमाला पक्की.

"काका, आत काय आहे?"

"तीन शब्द."

"दस्तऐवज की वस्तू?"

मी विचारलं फरक काय. दस्तऐवज असेल तर सपाट पाकिटात घालावा लागतो, नळीत चालत नाही. वस्तू असेल तर नळी चालते, पण वस्तूवर मजकूर असला तर तो दस्तऐवज होतो. मी म्हटलं, मग वस्तू समज. ती म्हणाली, मग मजकूर कशाचा आहे? मी म्हटलं, आमंत्रणाचा. ती म्हणाली, आमंत्रण दस्तऐवजात येतं. असं आम्ही दोन फेऱ्या फिरलो. माझ्या मागे पापड पाठवायला आलेल्या बाई खुर्ची ओढून बसल्या.

शेवटी प्राजक्तानं मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि निर्णय सांगितला. "अनोळखी लिपीतला मजकूर आहे म्हणून स्वयंघोषणापत्र द्या. पार्सल दिल्लीपर्यंत जाईल. पण सात दिवसांत लिपीतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणून द्यायचं, मजकूर काय आहे त्याचं. नाही तर तिथंच थांबेल."

अमरावतीत मंगोलियन लिपीचा तज्ज्ञ! पण चौतीस वर्षं प्रमाणपत्रं तपासण्यात गेलेली, मी डगमगलो नाही. अकोल्याला जठारपेठेत रामराव सर राहतात. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मोडी वाचतात, जुन्या जमिनीचे कागद घेऊन लोक लांबून येतात. फोन केला तर म्हणाले, "जगातल्या लिप्यांचं एक जाडं पुस्तक आहे माझ्यापाशी, अन् मंगोलियन शब्दकोशही आहे. आणा, पाहू."

बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. मूर्तिजापूरपर्यंत उभा होतो, पण मनानं तरंगत होतो. जाणकार माणूस आपलं अक्षर वाचणार! म्हणूनच माझ्या हातून ती चूक झाली. सरांपुढे कागदाची प्रत पसरून मी म्हटलं, "मी काही सांगत नाही. तुमी आपलं आपण वाचा."

सरांनी भिंग घेतलं. पुस्तकातला तक्ता उघडला. एकेका दातावर पेन्सिल टेकवत ते पुटपुटू लागले. वीस मिनिटांनी म्हणाले, "पहिला शब्द खोता. म्हणजे शहर."

"खुदा, सर."

"तुमच्या मनात खुदा असन, कागदावर खोता आहे. हे पाहा." त्यांनी शब्दकोश दाखवला. त्यात छापलेला 'शहर' आणि माझा 'व्याही' हुबेहूब एक होते. दातांसकट.

मी चष्मा पुसून दोन्ही शब्द पुन्हा ताडून पाहिले.

"दुसरा शब्द आदा," सर म्हणाले आणि पानं उलटू लागले. मग थांबले. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गावंडे, हा कागद तुमाले कोणी देला?"

"कावून?"

"आदा म्हणजे भूत. पिशाच. तिसरा शब्द सरळ आहे, इरे, म्हणजे ये." त्यांनी तिन्ही शब्द कागदावर उतरवले आणि मोठ्यानं वाचले. "शहर, भूत, ये."

घरातून सरांची बायको सरबत घेऊन येत होती ती दारातच थांबली.

मी 'इथे' या शब्दाची माझी प्रत काढून कोशातल्या भुताशेजारी ठेवली. एका केसाचा फरक नव्हता. दीड महिना, खारीचा ब्रश, वरून खाली श्वास, आणि मी अत्यंत सुबक अक्षरात व्याह्यांना भूत लिहून पाठवलं होतं. सरांनी तत्परतेनं लेटरहेडवर प्रमाणपत्रही लिहून दिलं: "सदर मजकूर नगरातील पिशाचाच्या आवाहनाचा असावा असे दिसते." खाली सही, शिक्का, तारीख.

दुसऱ्या दिवशी दहाला मी कुरिअरच्या दारात होतो. ते प्रमाणपत्र दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. उलट मी मनात म्हटलं, नाही दिलं तर पार्सल दिल्लीतच राहील. नियमांवर माझा एवढा जीव कधी जडला नव्हता.

"काका, गुड न्यूज!" प्राजक्ता म्हणाली. "प्रमाणपत्राची अट काढली वरच्यांनी. तुमचं पार्सल कालच पुढे गेलं."

"परत बोलव."

"विनंती टाकावी लागेल. कारण निवडा." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पत्ता चुकीचा. घेणारा स्थलांतरित. घेणारा मयत. वस्तू ज्वालाग्राही. मी चारही कारणं दोनदा वाचली.

"भूत निघालं असं नाही का यात?"

प्राजक्तानं मला पाणी दिलं.

कॉलनीत बातमी माझ्याआधी पोचली होती, कारण अकोल्याहून परतताना मी गाडीतून देवरावांना फोन केला होता. माणसानं मन मोकळं कुठे करावं, याचं भान मला कधीच राहिलेलं नाही. देवरावांनी सल्ला दिला की लगेच दुसरं पत्र पाठवावं, 'पहिलं पत्र वाचू नये' असं. हळदीकुंकू वाहणाऱ्या बाईंनी बैठकीतल्या कागदाला लांबूनच हात जोडले आणि आत आल्या नाहीत. उस्मानभाईंना सांगायला गेलो तर त्यांनी कागदाची प्रत मागून घेतली, उजेडात धरली. मग म्हणाले, "सायेब, हात तो सही चला था. मैंने देखा था." आणि चहा मागवला. तेव्हा मला रडू आलं.

खरं सांगतो, मला माझ्या अक्षराची काळजी नव्हती. म्हणजे होती. पण त्याहून जास्त ती पोरगी डोळ्यांसमोर येत होती, हसणारी आणि डोळे पुसणारी. आधीच तिचा बाप यायला भीत होता. त्यात नवऱ्या मुलाच्या बापानं नळीत घालून भूत पाठवलं. आता तो माणूस फोनवर तरी लग्न पाहील का? पाच दिवस मी नितेशचा फोन उचलला नाही. सहाव्या दिवशी सीमानं उचलला आणि एका मिनिटात घोडीपासून भुतापर्यंत सगळं सांगून टाकलं. पलीकडून नितेशनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "बाबाले म्हणा, उद्या सकाळी दहाला फोनसमोर बसा. पार्सल भेटलं त्याइले."

दहाला मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पडदा उजळला. बातबायर एकटेच खुर्चीत होते, ताठ, शाळेत असल्यासारखे. त्यांच्या मागे भिंतीवर माझा कागद. बाजूला ओयूना आणि नितेश, बोलणं इकडून तिकडे करायला.

मी आधीच बोलून घेतलं. "व्याही, माफ करा. माझ्या मनात तसं नव्हतं. मला इथे म्हणायचं होतं. ते भूत चुकून आलं."

नितेशनं इंग्रजीत सांगितलं, ओयूनानं तिच्या भाषेत. बातबायर यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी उठून कागदाच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि हळूहळू, मुलांना शिकवतात तसं बोलू लागले.

"बाबा," नितेश म्हणाला, "ते म्हणून राहिले की व्याही अन् शहर हे दोन शब्द त्यांच्या लिपीत सारखेच लिहितात. मुळातच. अन् इथे अन् भूत हेही सारखेच लिहितात. तुमची चूक नाही. वाचणाऱ्यानं कोणाचं पत्र आहे ते पाहून समजून घ्यायचं असते. पोरीच्या सासऱ्याचं पत्र आहे, तर मी भूत कायले वाचू, असं विचारून राहिले."

मी मान खाली घातली. सीमानं पदर डोळ्यांना लावला. देवराव, जे याही वेळी हजर होते, "मी म्हटलंच होतं," असं म्हणाले. त्यांनी काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

पण बातबायर यांचं संपलं नव्हतं. त्यांचं बोट कागदावरून खाली घसरलं, अगदी खाली, शेवटच्या शेपटीवर येऊन थांबलं. आवाज जरा कडक झाला. ओयूना हसू दाबत होती.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, कणा ठीक आहे. दात चालतील. पण शेपूट..." नितेश घुटमळला. "अशी शेपूट त्यांच्या शाळेत तिसरीतल्या मुलानं काढली असती तर त्याले उभं केलं असतं."

माझ्या अक्षराला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. उपसचिवसुद्धा नाही.

बातबायर हवेत मनगट फिरवून दाखवत होते. एकदा, दोनदा. मी पडद्यासमोर तसंच फिरवलं. त्यांनी डोकं हलवलं. पुन्हा दाखवलं. मी पुन्हा फिरवलं. ते वैतागले आणि ओयूनाला काहीतरी म्हणाले. तिनं एकदम वडिलांकडे पाहिलं. परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. ती नितेशला सांगायचं विसरली आणि थेट आमच्याकडे वळून, डोळे पुसत, तिच्या मराठीत म्हणाली, "आई, पप्पा म्हणून राहिले, फोनवर नाही शिकवता येत. हात पकडावा लागते. ते येऊन राहिले."

डिसेंबरात आम्ही बडनेरा स्टेशनवर उभे होतो. सीमा हार घेऊन, उस्मानभाई नवीन टोपी घालून, देवराव फोटो काढायला आणि सगळ्यांना हमालापासून सावध करायला. आमच्यातलं कुणीही मंगोलियन बोलत नव्हतं आणि नितेश सामान उतरवण्यात गुंतला होता. डब्याच्या दारात बातबायर दिसले. फोनवर वाटले त्यापेक्षा बुटके, जाड कोट, घामाघूम, भेदरलेले. त्यांनी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला, आमच्याकडे पाहिलं, आणि काखेतली गुंडाळी काढून दोन्ही हातांनी उलगडून छातीशी धरली.

उभा कागद होता. त्यावर काळ्याभोर शाईत, एकाखाली एक, देवनागरी अक्षरं होती. या वयात, कुणाला न सांगता, शिकून काढलेली. शिरोरेषा ठाम, काने सरळ, आणि प्रत्येक अक्षर असं उभं की इतवाऱ्यातल्या आमच्या पेंटरनंही बोट तोंडात घालावं.

देवरावांनी खणखणीत आवाजात वाचलं. "व्याधी आला."

'ह'चा 'ध' झाला होता. आजूबाजूचे प्रवासी वळून पाहू लागले. मागून सीमा हळूच म्हणाली, "पाहा, तुमाले न भेटताच त्याइनं आपल्या घराले कोणती व्याधी लागली थे ओळखलं." उस्मानभाई खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे वळले.

बातबायर यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते फक्त माझ्याकडे पाहत होते. घाबरलेलं बोट त्यांनी पहिल्या अक्षरावर ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि भुवया उंचावल्या. बरोबर आहे ना, एवढंच विचारायचं होतं त्यांना.

चौतीस वर्षांत मी एकाही साहेबाची चुकलेली वेलांटी सोडलेली नाही. मी जवळ गेलो, चष्मा लावला, वरून खाली सगळी अक्षरं नीट वाचली. मग त्यांचा हात हातात घेतला.

"एकही चूक नाही," मी म्हणालो.